नगरसेवकाकडे जायच्या आधी : गल्लीतलं काम करून घेण्याची पद्धत

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्यातल्या चेंबरचं झाकण तुटलं तेव्हा मी पहिलं काय केलं, तर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. पंधरावीस जणांनी रागाचे इमोजी दिले, एका काकांनी "या शहराचं काही खरं नाही" असं लिहिलं आणि झालं, विषय संपला. भोकात कुणीतरी झाडाची फांदी खोचून तिला लाल फडकं बांधलं. पानं वाळून गळून गेली तरी फांदी तिथेच. त्या झाकणापायी मी जे काही शिकलो ते इथे लिहितोय, कुणाच्या कामी आलं तर येऊ दे.

तेव्हा नगरसेवकच नव्हते हो. ७ मार्च २०२२ ला मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढचं मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला, म्हणजे मधली जवळपास चार वर्षं सगळा कारभार प्रशासकाकडे. तेव्हा झक मारत आपणच वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवायच्या, दुसरा रस्ता नव्हता. आता २२७ नगरसेवक आलेत आणि लोक परत जुन्या सवयीला लागलेत, काही झालं की "साहेबांना सांगू या". सांगा ना, पण मोकळ्या हातानं जाऊ नका एवढंच माझं म्हणणं. हातात फाईल असेल तर साहेबांना ती पुढे ढकलावी लागते, नसेल तर ते "बघतो" म्हणतात आणि आपण चहा पिऊन घरी.

तर पहिलं काम, वस्तू कुणाची आहे ते शोधा. मुंबईत हीच खरी मेख आहे. रस्ता महापालिकेचा असेल असं आपण धरून चालतो पण तो पीडब्ल्यूडीचा असू शकतो, म्हाडाच्या लेआउटमधला असू शकतो, रेल्वेचा, पोर्टचा, कलेक्टरच्या जमिनीवरचा, नाहीतर चक्क सोसायटीचाच खाजगी निघतो. वेस्टर्न आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आधी एमएमआरडीएकडे (राज्य सरकारच्या विकास प्राधिकरणाकडे) होते, २०२२ च्या शेवटी महापालिकेकडे आले, पण त्यावरच्या खड्ड्यांसाठी एमएमआरडीएला शिव्या घालणारे लोक मी त्यानंतरही बघितलेत. आणि महापालिकेच्या आतसुद्धा घरं वेगळी. पावसाचं पाणी जातं ती पर्जन्य जलवाहिनी, संडासचं जातं ते मलनिःसारण, पिण्याचं पाणी म्हणजे जलखातं, रस्ता आणि फुटपाथ मेंटेनन्सकडे, कचरा घनकचरा विभागाकडे. मी माझं पहिलं पत्र पर्जन्य जलवाहिनीला लिहिलं. ज्युनियर इंजिनियर आला, वाकून बघितलं, म्हणाला हे आमचं नाही, मलनिःसारणचं असेल. त्यांचा माणूस आला, त्यानं टॉर्च मारला, म्हणाला आत पाइपच नाहीये, केबल आहे. म्हणजे ते गटार नव्हतंच, कुठल्यातरी कंपनीचं केबलचं चेंबर होतं! हे आमच्या गल्लीत रोज झाडू मारणाऱ्या मावशींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मी विचारलंच नव्हतं. तेव्हा आधी सफाई कामगार, मुकादम आणि वॉचमन या तिघांना विचारा, मग पेन हातात घ्या.

दुसरं, पत्र. हाताने लिहिलं तरी चालतं, पण एका पत्रात एकच विषय. मी आधी उत्साहाच्या भरात खड्डा, कुत्री, कचरा, पार्किंग, दिवे असं सगळं एकाच पत्रात कोंबलं होतं, ते टेबलाटेबलावर फिरत राहिलं आणि कुठेच थांबलं नाही. प्रति मा. सहाय्यक आयुक्त, अमुक विभाग, खाली विषय, खाली चार ओळी. ठिकाण सांगताना "मेडिकलच्या समोर" असं नको, जवळच्या दिव्याच्या खांबावर नंबर रंगवलेला असतो तो लिहा, खांब हलत नाही आणि मेडिकलचं काय, उद्या तिथे मोमोजचं दुकान येतं. फोटोवर तारीख हवी. आणि खाली निदान दहा घरांच्या सह्या, नाव आणि इमारतीसकट. दोन प्रती घेऊन जा, एक आवक-जावकच्या खिडकीत द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर मारून घ्या. ही पोच म्हणजे तुमचं सोनं. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा" म्हणाले की टेबलावर ठेवून यायचं नाही, खिडकीतच द्यायचं. माझं एक पत्र असंच टेबलावरून गायब झालंय.

महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर फोन पण करा, तक्रार नंबर मिळतो, लिहून ठेवा. कधीकधी "तक्रार निकाली" असा मेसेज येतो आणि खाली येऊन बघावं तर काम तसंच. चिडू नका, स्क्रीनशॉट काढा, तोही फाईलला लावा. उघडं मॅनहोल असेल तर मात्र पत्राबित्राची वाट बघायची नाही, लगेच फोन आणि भोवती काहीतरी अडथळा, कारण २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात प्रभादेवीला एक नावाजलेले डॉक्टर असेच उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले होते.

एवढं करून हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. लोक इथे फार घाबरतात आणि फार चुकतात पण. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर. चूक कुठे होते तर लोक विचारतात "काम का झालं नाही?" आता "का" चं उत्तर कुठल्याच फायलीत नसतं, त्यामुळे ते तुम्हाला मिळत नाही. कागद मागा. मी मागितलं ते असं : अमुक रस्त्यावर गेल्या तीन वर्षांत चर खणायला ज्यांना ज्यांना परवानगी दिली त्या परवानगीपत्रांच्या प्रती, आणि चर बुजवण्यासाठी त्यांच्याकडून किती पैसे भरून घेतले त्याची नोंद. बस. पानाला दोन रुपये भरले आणि हातात कंपनीचं नाव, तारीख, नकाशा सगळं आलं. रस्त्याचं काम असेल तर वर्क ऑर्डर आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो ते मागा, तो संपला नसेल तर कंत्राटदाराला फुकट दुरुस्त करून द्यावं लागतं. प्रती मागायच्या नसतील तर फाईल समोर बसून बघायचा हक्कपण याच कायद्यात आहे, आणि बघायला गेलात की जे मागायचं सुचलंच नव्हतं तेही दिसतं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प, त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. बऱ्याचदा अपिलाची सुनावणी लागायच्या आधीच कागद येतात.

माणसं कशी जमवायची हा खरा अवघड भाग. सोसायटीच्या मोठ्या ग्रुपवर काही होत नाही, तिथे गुड मॉर्निंगच्या फुलांखाली सगळं गाडलं जातं. सातआठ जणांचा वेगळा ग्रुप काढा. त्यात एक रिटायर्ड माणूस हवाच हवा, ज्याला मंगळवारी दुपारी तीन वाजता वॉर्ड ऑफिसला जायला वेळ आहे. एक गणपती मंडळातला कार्यकर्ता हवा, कारण मंडपाच्या परवानगीसाठी तो दरवर्षी फिरतो आणि कुठल्या टेबलावर कोण बसतं ते त्याला पाठ असतं. आणि समोरच्या चाळीतले, मागच्या वस्तीतले लोक हवेत, नुसत्या टॉवरच्या सह्या असल्या की पत्राला एक वेगळाच वास येतो. फेरीवाल्यांचा विषय कुणीतरी काढणारच, तो या ग्रुपमध्ये घेऊ नका, त्यावर भांडून ग्रुप फुटतो आणि झाकण राहतं बाजूला. कचऱ्याचं काही करायचं असेल तर एएलएमची (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे रहिवाशांनी महापालिकेबरोबर मिळून आपला परिसर सांभाळायचा) चौकशी करा, घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात सुरुवात केली आणि मग महापालिकेनं तीच पद्धत शहरभर नेली.

माझी मामेबहीण न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये असते, तिकडे ५९ कम्युनिटी बोर्ड आहेत, महिन्याला उघडी मीटिंग, कुणीही जाऊन दोन शब्द बोलावं. बोर्डाला अधिकार नाही, नुसता सल्ला. तरी ती जाते. तिथले विषय काय, तर पार्किंग, कचरा आणि उंदीर! आम्ही फोनवर खूप हसलो. आपल्याकडे प्रभाग समितीत बसतात ते नगरसेवक, आपल्याला तिथे आवाज नाही, म्हणून त्यांच्या तोंडून बोलायचं.

आणि इथे येतो नगरसेवक. फाईल घ्या : पोच, तक्रार नंबर, फोटो, माहिती अधिकारात मिळालेले कागद, वर एका पानावर तारखांची यादी. त्याला सांगा की प्रभाग समितीत विषय घ्या, लागलं तर सभागृहात हरकतीचा मुद्दा घ्या. त्याला तयार मसाला मिळतो, श्रेय त्याचं, काम आपलं, बॅनरवर फोटो लावला तर लावू दे. दुसऱ्या पक्षाच्या पडलेल्या उमेदवारालाही फाईलची झेरॉक्स द्या, त्यानं नुसती चौकशी केली तरी इकडची फाईल हलते (हे थोडं चावट आहे पण चालतं). मृणाल गोरे १९६१ ला गोरेगावातून निवडून गेल्या आणि पाण्यासाठी भांडून भांडून पाणीवाली बाई झाल्या, हंडे घेऊन बाया मागे उभ्या होत्या म्हणून. तेवढी माणसं आज उभी राहत नाहीत, निदान सह्या तरी द्या.

वेळ पण बघून चाला. नालेसफाई ३१ मेपर्यंत उरकायची असते, तेव्हा गाळाची तक्रार मार्चमध्ये, जूनमध्ये ओरडून उपयोग नाही. नवीन फुटपाथ किंवा गटार बांधून हवं असेल तर बजेट फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडतात, म्हणजे दिवाळीनंतर लगेच पत्र गेलेलं बरं.

आमचं झाकण? परवानगीपत्राची प्रत जोडून कंपनीला आणि वॉर्डाला एकाच दिवशी पत्र दिलं, नवव्या दिवशी टेम्पो आला आणि अर्ध्या तासात नवीन झाकण बसवून गेला. फांदी मावशींनी काढली. ज्युनियर इंजिनियरला मी फोटो पाठवून थँक्यू म्हटलं, तेव्हापासून माझा फोन तो दुसऱ्या रिंगला उचलतो. फाईल अजून कपाटात आहे, आता त्यात समोरच्या खांबावरच्या बंद दिव्याची तक्रार लागलीये.