क्रूझवर वाइन: बडोदेकरांचा हिशेब

सिंगापूरच्या क्रूझला निघताय आणि वाइन स्वतःचीच न्यायचीय? घरून न्यायचा प्रश्नच नाही, गुजरातेत दारूबंदी. बॅगेत चिवडा-भाकरवडी भरा. बाटली चांगी विमानतळावर उतरल्यावर, सामानाच्या पट्ट्याजवळच्या ड्यूटी-फ्रीत घ्या. फिरकीच्या झाकणाची घेतलीत तर बूच काढायची कटकट नाही.

रॉयल कॅरिबियन ही क्रूझ कंपनी माणशी वाइनची 750 मिलीची एकच बंद बाटली चालवते, तीही पहिल्या दिवशी चढताना, हातातल्या सामानात. व्हिस्की, बिअर, खोक्यातली वाइन नाही. केबिनमध्ये प्यायलात तर वेगळे पैसे नाहीत. डायनिंग हॉलमध्ये नेलीत की कॉर्केज, म्हणजे स्वतःची बाटली तिथे पिण्याचा आकार, लागतो.

एका बाटलीत साधारण पाच ग्लास. नवरा-बायकोला तीन-चार रात्री दोन बाटल्या पुरतात. जहाजावर ग्लासमागे 18 टक्के सर्व्हिस चार्ज वर लागतो, म्हणून मेनूतल्या आकड्यावर जाऊ नका. ड्रिंक्स पॅकेज, म्हणजे ठरावीक पैसे भरून रोज हवी तेवढी पेयं, तर एकाने घेतलं की केबिनमधल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावं लागतं. पिणारा एकटाच असेल तर ते सोडाच.

वाटेतल्या बंदरावर घेतलेली बाटली जहाजवाले प्रवास संपेपर्यंत ठेवून घेतात, आणि परमिटशिवाय ती बडोद्यात आणता येत नाही.