कॅनेडियन फुटबॉल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचा अंदाज कसा बांधावा

कॅनेडियन फुटबॉल लीगचा, म्हणजे सीएफएलचा, वार्षिक ड्राफ्ट एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्याच्या सुरुवातीला होतो. (हा फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचा सॉकर नव्हे, तर अमेरिकन फुटबॉलच्या जातीचा, अंडाकृती चेंडूचा खेळ.) महाविद्यालयीन फुटबॉल खेळलेले कॅनेडियन खेळाडू लीगमधील नऊ संघ आठ फेऱ्यांमध्ये आळीपाळीने निवडतात. येथे बोली नसते आणि लिलावही नसतो. ज्याची पाळी त्याने नाव घ्यायचे आणि त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क आपल्याकडे ठेवायचा. पहिल्या फेरीत साधारण नऊ नावे असतात. ती आधीच ओळखण्याचा खेळ वरवर सोपा वाटतो, कारण गुणवान खेळाडूंची यादी सर्वांसमोर असते. पण ती यादी जशीच्या तशी उतरवून काढणाऱ्याचा अंदाज बहुधा तिसऱ्या-चौथ्या निवडीपाशीच गडगडतो. इतर देशांतील खेळाडूंसाठी वेगळा ‘ग्लोबल’ ड्राफ्ट असतो. त्याचा विचार या लेखात केलेला नाही.

पहिली पायरी: निवडीचा क्रम पक्का करावा

मागच्या हंगामात सर्वांत तळाशी राहिलेल्या संघाला सहसा पहिली निवड मिळते, ग्रे कप म्हणजे लीगचे विजेतेपद जिंकणारा संघ शेवटी निवडतो आणि अंतिम सामना हरलेला संघ त्याच्या आधी. एका कोऱ्या कागदावर हा मूळ क्रम लिहावा आणि मग त्यात खाडाखोड करायला बसावे, कारण हे क्रमांक संघ एकमेकांना सर्रास देत-घेत असतात. २०२० सालची पहिली निवड मुळात ओटावाची होती. क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार, चेंडू फेकणारा) निक अर्बकलच्या व्यवहारात ती कॅलगरीकडे गेली आणि कॅलगरीने ती बी. सी. लायन्सला दिली. २०२२ मध्ये मॉन्ट्रियलने एडमंटनकडून पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा त्याच्या बदल्यात चौथ्या क्रमांकाबरोबर लाइनमन (अगदी पुढच्या फळीत झुंजणारा खेळाडू) कार्टर ओडॉनेलच्या करार-हक्कांचाही समावेश होता. शिवाय पगाराची कमाल मर्यादा ठरावीक रकमेहून अधिक ओलांडणाऱ्या संघाला पहिल्या फेरीतील निवड गमवावी लागते, तेही तपासावे. अपवादाची वर्षेही येतात. २०२० चा हंगाम रद्द झाल्यामुळे २०२१ चा क्रम सोडतीने ठरला आणि २०१९ मध्ये अठरापैकी पंधरा सामने जिंकलेल्या हॅमिल्टनच्या झोळीत पहिली निवड पडली.

दुसरी पायरी: उमेदवारांची यादी करावी

लीगचा स्काउटिंग ब्यूरो वर्षातून तीनदा, म्हणजे हंगामाच्या तोंडावर, हिवाळ्यात आणि ड्राफ्टच्या आधी, वीस अव्वल उमेदवारांची क्रमवारी प्रसिद्ध करतो. तिन्ही याद्या शेजारी-शेजारी ठेवून कोण वर चढला आणि कोण घसरला हे पाहावे. उमेदवार दोन वाटांनी येतात: कॅनडातील विद्यापीठांच्या यू स्पोर्ट्स स्पर्धांतून, आणि अमेरिकेतील एनसीएए स्पर्धांतून. यांखेरीज तिसरा एक गट आहे, आणि नवखा अंदाजकर्ता नेमका त्यालाच विसरतो. अमेरिकेत जन्मलेले आणि वाढलेले, परंतु आई किंवा वडील कॅनेडियन असल्यामुळे पात्र ठरणारे खेळाडू या गटात येतात. कॅलिफोर्नियात वाढलेल्या लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतील खेळाडू) ॲलेक्स सिंगलटनची आई कॅनडात जन्मलेली. २०१६ मध्ये कॅलगरीने त्याला सहाव्या क्रमांकावर निवडले आणि दुसऱ्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला.

तिसरी पायरी: एनएफएलची चाळणी लावावी

अंदाज फसण्याचे सर्वांत मोठे कारण येथे आहे, म्हणून या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा.

सीएफएलचा ड्राफ्ट अलीकडे एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतील अव्वल व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, ड्राफ्टनंतर काही दिवसांतच होतो. जो कॅनेडियन खेळाडू खरोखरच असामान्य आहे, त्याला एनएफएलचा संघ निवडतो, किंवा ड्राफ्ट संपल्या रात्रीच करारावर घेतो, किंवा निदान नवोदितांच्या शिबिराला बोलावतो. अशा खेळाडूवर सीएफएल संघाने पहिली निवड खर्च केली, तर हक्क हाती राहतो, पण माणूस मात्र कदाचित कधीच येत नाही. मॅकगिल विद्यापीठाचा लाइनमन लॉरां दुवर्ने-तार्दिफ २०१४ च्या ड्राफ्टआधी यादीत सर्वांत वर होता. एनएफएलमध्ये कॅन्सस सिटीने त्याला सहाव्या फेरीत घेतले. सीएफएलमध्ये मग कोणीही पहिल्या फेरीत त्याला हात लावला नाही. कॅलगरीने तिसऱ्या फेरीत, एकोणिसाव्या क्रमांकावर, जुगार म्हणून त्याचे नाव घेतले. तो पुढे सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) जिंकणाऱ्या संघात खेळला आणि कॅलगरीच्या वाट्याला त्याचा एकही सामना आला नाही. गुणवत्तेचा क्रम आणि निवडीचा क्रम यांतील फरक समजून घ्यायला हे एक उदाहरण पुरेसे आहे.

म्हणून प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक शेरा लिहावा: ‘एनएफएलमध्ये जाणार’, ‘शिबिरापुरता जाऊन परतण्याची शक्यता’, किंवा ‘या उन्हाळ्यात नक्की उपलब्ध’. पहिला शेरा मिळालेले नाव पहिल्या फेरीतून सरळ काढून टाकावे. मधला शेरा फसवा असतो, कारण त्याचा अर्थ संघागणिक बदलतो. जिंकणाऱ्या, फळी भक्कम असलेल्या संघाला वर्षभर थांबणे परवडते. गेल्या हंगामात चारच सामने जिंकलेल्या संघाच्या जनरल मॅनेजरला ते परवडत नाही, कारण वर्षभराने तो त्या खुर्चीवर असेलच असे नाही.

याच चाळणीतून एक उलटा निष्कर्षही निघतो. एनएफएलचे दार ठोठावून झालेला किंवा महाविद्यालय सोडून एक-दोन वर्षे उलटलेला खेळाडू वयाने मोठा असला, तरी तो तयार आणि मोकळा असतो. २०२० चा पहिला खेळाडू, ईस्ट कॅरोलायनाचा लाइनबॅकर जॉर्डन विल्यम्स, २०१७ नंतर महाविद्यालयीन फुटबॉल खेळलेला नव्हता. लीगचा २०२१ चा सर्वोत्कृष्ट नवोदित मात्र तोच ठरला. २०२४ मध्ये एडमंटनने सर्वप्रथम निवडलेला जोएल डब्लँको याचीही सिनसिनाटी विद्यापीठातील कारकीर्द दोन वर्षांपूर्वी संपलेली होती. असे नाव यादीत दिसताच ते तीन-चार जागा वर सरकवावे, असे माझे मत आहे.

चौथी पायरी: संघाची गरज मोजावी

आयपीएलमध्ये अकरा जणांत चारच परदेशी खेळाडू चालतात, म्हणून बऱ्यापैकी भारतीय वेगवान गोलंदाजही लिलावात भाव खाऊन जातो. सीएफएलचे अर्थशास्त्र याच जातीचे आहे. आक्रमणाचे बारा आणि बचावाचे बारा अशा चोवीस जणांत किमान सात कॅनेडियन असावेच लागतात. उरलेल्या जागा अमेरिकी खेळाडूंनी भरता येतात, आणि वेगवान अमेरिकी रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) किंवा कॉर्नरबॅक (त्यांना रोखणारे बचावपटू) दरवर्षी डझनांनी मोकळे असतात. त्यामुळे संघाचा खरा प्रश्न सात कॅनेडियन कोणत्या जागांवर बसवायचे हा असतो, आणि त्यांतील एखादा जखमी झाला तर बदली खेळाडूही कॅनेडियनच लागतो हे त्या प्रश्नाचे दुसरे टोक असते.

या प्रश्नाचे पारंपरिक उत्तर आक्रमक फळीतील लाइनमन हे आहे. पाचपैकी तीन जागा कॅनेडियनांनी भरल्या की निम्मे काम झाले, असा जुना हिशेब. २०१५ मध्ये पहिल्या तिन्ही निवडी याच जागेसाठी झाल्या: ओटावाने ॲलेक्स मॅटियस, विनिपेगने सुख चुंग आणि टोरंटोने शॉन मॅक्यूएन यांना घेतले. २०१४ ते २०१६ या तीनही वर्षी पहिला क्रमांक लाइनमनलाच गेला. परंतु या आडाख्यावर आज डोळे झाकून विसंबू नये. २०२० ते २०२५ या सहा ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर केवळ एकदा, २०२३ मध्ये डॉन्टे बुलच्या रूपाने, लाइनमन निवडला गेला. इतर पाच वर्षांत तीन लाइनबॅकर, एक टाइट एंड (अडवणे आणि चेंडू झेलणे ही दोन्ही कामे करणारा) आणि २०२५ मध्ये कॅलगरीने घेतलेला रिसीव्हर डेमियन अल्फर्ड अशी वाटणी आहे. लाइनबॅकरच्या ओढीमागे मला एक व्यावहारिक कारण दिसते. चेंडू ठरावीक अंतर पुढे नेण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात; कॅनेडियन खेळात असे अमेरिकेतल्या चारऐवजी तीनच डाउन मिळत असल्याने चेंडू वारंवार लाथाडून द्यावा लागतो, आणि त्या चेंडूमागे धावून पकड करणारा तरुण पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. लाइनमनला मात्र बहुधा वर्षभर बाकावर शिकावे लागते.

प्रत्यक्ष काम असे करावे. प्रत्येक संघासाठी एक पान घ्यावे आणि मागच्या हंगामातील सात कॅनेडियन, त्यांच्या जागा, वय आणि कराराची अखेर लिहावी. फेब्रुवारीत करारमुक्त खेळाडूंची बाजारपेठ उघडते; तिच्यात कोण गेला आणि कोण आला याची नोंद त्याच पानावर दुसऱ्या शाईने करावी. एखाद्या पानावर तेहतीस वर्षांचा गार्ड (आक्रमक फळीतील एक लाइनमन), त्याच्यामागे कोणी नाही, आणि फेब्रुवारीत नवा कोणी घेतलेला नाही असे दिसले, की त्या संघाची निवड जवळजवळ कळलीच. क्वार्टरबॅकच्या बाबतीत मात्र सावध राहावे. बी. सी. लायन्सने २०२० मध्ये नेथन रूर्कला दुसऱ्या फेरीत, पंधराव्या क्रमांकावर घेतले आणि २०२२ मध्ये तो लीगचा सर्वोत्कृष्ट कॅनेडियन खेळाडू झाला. तरीही पहिल्या फेरीत या जागेवर नाव लिहिण्याआधी दहादा विचार करावा.

पाचवी पायरी: कम्बाइन योग्य तितकीच मनावर घ्यावी

मार्चमध्ये होणाऱ्या कम्बाइन चाचणीत चाळीस यार्डांची धाव, उंच उडी, २२५ पौंडांचे बेंच प्रेस वगैरे आकडे मिळतात आणि बातम्यांत तेच झळकतात. माझ्या मते त्याहून मोलाचा भाग म्हणजे समोरासमोरच्या झुंजी. शिट्टी होते, बचावपटू झेपावतो, आणि लाइनमनला जेमतेम तीन-चार सेकंद त्याला अडवून धरायचे असते. येथे हातांकडे न पाहता पायांकडे पाहावे. पहिल्या धक्क्यानंतर टाचा उचलल्या जाऊन तो मागे ढकलला जातो, की आखूड पावले टाकत कमरेत वाकून तग धरतो? एक झुंज हरल्यावर पुढच्या खेपेला तीच चूक पुन्हा होते का? धावेत एक दशांश सेकंदाने मागे पडलेला खेळाडू या झुंजींत उजवा ठरला, तर त्याचे नाव खाली ढकलू नये.

सहावी पायरी: अंदाज लिहावा, आणि पेन्सिलने लिहावा

एका क्रमांकावर एकच नाव न लिहिता दोन-तीन नावे आणि प्रत्येकापुढे टक्केवारी लिहावी. पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करून घेतलेले नाव पुढच्या सर्व पानांवरून खोडत जावे. अन्यथा एकच लाइनमन तीन संघांना वाटून दिल्याचे शेवटी लक्षात येते. माझ्या पहिल्या प्रयत्नात नेमके हेच झाले होते. एनएफएलचा ड्राफ्ट संपल्यावर उरलेल्या दोन-तीन दिवसांत शेरे पुन्हा तपासून सर्व यादी नव्याने मांडावी.

धक्क्यासाठी जागा ठेवावीच लागते. २०१७ मध्ये विनिपेगने आयोवाचा बचावपटू फेथ एकाकिटे याला पहिल्या क्रमांकावर घेतले, तेव्हा जाणकारही चकित झाले होते. २०१८ मध्ये हॅमिल्टनने निवडलेल्या मार्क चॅपमनचा तर त्या हंगामात करारच झाला नाही. अशा घटना अंदाजाच्या टप्प्यात येत नाहीत. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक क्रमांकापुढे ‘इतर कोणी’ या नावाला किमान वीस टक्के राखून ठेवलेले असतात.

गुण मोजताना दोन रकाने करावेत. एकात नऊपैकी किती खेळाडू पहिल्या फेरीत गेले हे, आणि दुसऱ्यात किती जण नेमक्या लिहिलेल्या संघाकडे गेले हे. पहिल्या रकान्यात सहा आणि दुसऱ्यात दोन आले, तर पुढल्या वर्षी तीच वही घेऊन बसायला हरकत नाही.