पाच आकड्यांचा व्हेरियन्स हाताने कसा काढायचा

आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत, हे व्हेरियन्स म्हणजेच प्रचरण सांगते. ७, ९, १०, १४, १५ हे पाच आकडे घेऊ.

बेरीज ५५. भागिले ५, म्हणून सरासरी ११. आता प्रत्येक आकड्यातून ११ वजा करा: −४, −२, −१, ३, ४. ही झाली विचलने. इथे थांबून त्यांची बेरीज करून पाहा, ती शून्यच यायला हवी. येत नसेल तर चूक सरासरीत आहे किंवा वजाबाकीत, आणि ती आत्ताच सापडलेली बरी. वर्ग केल्यावर चिन्हे जातात, मग शोधणे अवघड.

आता वर्ग: १६, ४, १, ९, १६. बेरीज ४६. कॅल्क्युलेटरवर −४ चा वर्ग करताना कंस घाला. कंस नसेल तर बरीच यंत्रे आधी ४ चा वर्ग करून त्याला उणे चिन्ह लावतात आणि −१६ दाखवतात. वर्ग कधीच ऋण नसतो.

खरा घोळ भागाकारात होतो. तुम्हाला ज्यांच्याबद्दल बोलायचे आहे ते सगळे आकडे हेच पाच असतील, तर ५ ने भागा: ९.२. पण हे पाच एखाद्या मोठ्या समूहातून उचललेला नमुना असतील, तर ४ ने भागा: ११.५. एक कमी का? समूहाची खरी सरासरी आपल्याला माहीत नसते. आपण ती याच पाच आकड्यांवरून काढली. त्यामुळे ती त्यांच्या अगदी मधोमध बसते आणि विचलने असायला हवीत त्यापेक्षा लहान दिसतात. शिवाय चार विचलने कळली की पाचवे आपोआप ठरते, कारण बेरीज शून्य. म्हणजे मोकळी विचलने चारच. आकडे थोडे असताना ही निवड फार महत्त्वाची, इथेच पाहा ना, ९.२ आणि ११.५ मध्ये किती अंतर आहे. आकडे हजारभर असते तर फरक जाणवलाही नसता.

सरासरी पूर्णांकात येत नसेल तर वेगळी वाट आहे: मूळ आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेतून, त्या आकड्यांच्या बेरजेचा वर्ग भागिले आकड्यांची संख्या, हे वजा करा. वरच्या उदाहरणात ६५१ − ३०२५/५ = ४६, म्हणजे विचलनांच्या वर्गांची तीच बेरीज; भागाकार यानंतर. मात्र या वाटेने जाताना सरासरी मधेच पूर्णांकित करून वापरू नका. ४, ७, ९ यांची सरासरी ६.६६६… येते. ती ६.७ धरली तर १४६ − ३ × ४४.८९ = ११.३३ मिळते, खरे उत्तर आहे १२.६७. विचलनांच्या पद्धतीत मात्र तीच ६.७ धरूनही १२.६७ च येते.

आकडे सेंटीमीटरमध्ये असतील तर व्हेरियन्स चौरस सेंटीमीटरमध्ये येतो. मूळ एकक हवे असेल तर वर्गमूळ घ्या: ११.५ चे सुमारे ३.३९. हेच प्रमाण विचलन.