शॉर्टनंतर बॅलन्सिंग सर्किट दुरुस्त करताय? या चुका टाळा

जळका वास आला, ट्रॅक काळा पडला, एक वायर वितळली. लगेच नवी वायर, नवा सेल, आणि पॅक पुन्हा चालू! घरी बनवलेली बॅलन्सिंग सर्किटं, म्हणजे लिथियम पॅकमधले सगळे सेल सारखे भरावेत म्हणून लावतात ती, माझ्याकडे बहुतेक वेळा अशी एकदा "दुरुस्त" होऊनच येतात. जे काळं दिसतं ते बदललेलं असतं. आतून मेलेला भाग तसाच असतो आणि तोच पुढचं नुकसान करत राहतो.

मी बोलतोय ते सगळ्यांत साध्या सर्किटबद्दल. प्रत्येक सेलवर (किंवा समांतर जोडलेल्या सेलच्या गटावर) व्होल्टेजवर नजर ठेवणारी एक टीएल431 चिप, एक बीडी140 ट्रान्झिस्टर आणि 10 ओहम, 5 वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर. सेल 4.2 व्होल्टला पोचला की टीएल431 ट्रान्झिस्टरला चालू करतो आणि साधारण 0.4 अँपिअर करंट सेलऐवजी रेझिस्टरमधून जातो.

सेलला दोष देऊ नका

निफाडकडचा एक मुलगा फवारणी पंपाचा पॅक घेऊन आला. जुनी लेड-ॲसिड बॅटरी काढून त्याने 18650 लिथियम सेलचे तीन गट सिरीजमध्ये जोडले होते, प्रत्येक गटात चार सेल समांतर. पंप चालू असताना शॉर्ट झाला. निकेलची पट्टी सेलच्या प्लस टोकाच्या काठावर घासून वरचं प्लास्टिक कापलं गेलं होतं. या सेलचं अख्खं डबडं मायनस असतं, अगदी प्लसच्या बटणाभोवतालच्या काठापर्यंत. म्हणूनच तिथे बार्ली पेपरची, म्हणजे करंट अडवणाऱ्या जाड कागदाची, चकती लावायची असते. ती त्याने लावली नव्हती.

त्याने मधल्या गटातले चारही सेल बदलले, पट्टी नवी लावली, शनिवारी संध्याकाळी पॅक फुल चार्ज केला. सोमवारी सकाळी मधला गट 0.6 व्होल्ट. दुकानदाराने खराब सेल दिले असं समजून त्याने आणखी चार आणले. पुन्हा तेच. "सर, सेलच खराब लागतायत," म्हणाला. आठही सेल टेबलावर ओळीत मांडले होते आणि प्रत्येकावर तारीख घातली होती. एवढी काळजी घेणारा मुलगा, पण सर्किटाला मीटर लावायला थांबला नव्हता.

बीडी140 कलेक्टर ते एमिटर, म्हणजे ज्या दोन पायांमधून करंट जातो त्यांत, आरपार शॉर्ट होता. म्हणजे 4.2 व्होल्टची वाट न बघता रेझिस्टर रात्रंदिवस त्या गटातून करंट ओढत होता. 10 ओहमवर 3.7 व्होल्ट म्हणजे 0.37 अँपिअर. 2500 एमएएचचे चार सेल म्हणजे 10 अँपिअर-तास. सव्वा दिवसात गट रिकामा. मी त्याला रेझिस्टरला बोट लावायला सांगितलं. चार्जर नाही, पंप बंद, तरी रेझिस्टर गरम.

हा ट्रान्झिस्टर मरतो कसा तेही समजून घ्या. शॉर्टमध्ये निकेलचा दुवा फ्यूजसारखा उडतो. लोड चालू असेल तर त्या तुटलेल्या जागेवर उरलेल्या गटांचं व्होल्टेज उलटं येतं. बीडी140 चा एमिटर-बेस जोड उलटे 5 व्होल्टच सोसतो, आणि दोन गटांचे होतात 7 ते 8. बाहेरून डाग नाही, वास नाही, ट्रान्झिस्टर नव्यासारखा दिसतो.

म्हणून माझी सवय ठरलेली आहे. आधी सगळे सेल सर्किटपासून सोडवतो. मग मीटरच्या डायोड मोडवर प्रत्येक ट्रान्झिस्टरचे कलेक्टर-एमिटर दोन्ही बाजूंनी तपासतो. त्यानंतर एकेका चॅनेलला, म्हणजे एका गटाच्या सर्किटाला, बेंच सप्लाय (व्होल्ट आणि करंट ठरवता येणारा टेबलावरचा पॉवर सप्लाय) लावतो, करंट लिमिट 100 मिलिअँपिअर, आणि 3 व्होल्टपासून हळूहळू वर जातो. 4.2 च्या आसपास करंट सुरू झाला तर चॅनेल ठीक. सुरुवातीच्या 3 व्होल्टलाच सुरू झाला तर ट्रान्झिस्टर किंवा टीएल431 शॉर्ट आहे. 4.3 पर्यंत काहीच नाही, तर रेझिस्टर आतून तुटलाय किंवा ट्रॅक तुटलाय. एका चॅनेलला पाच मिनिटं. ही पाच मिनिटं वाचवून लोक आठ सेल मारतात, आणि मला याचा खरंच राग येतो.

बॅलन्सर म्हणजे संरक्षण नव्हे

त्याच पॅकला प्रोटेक्शन बोर्ड नव्हता. "बॅलन्सर आहे ना!" चार्जर बघतो एकूण 12.6 व्होल्ट. मधला गट 3.4 वरच अडकला तर उरलेल्या दोघांवर प्रत्येकी 4.6 पडू शकतात. चार्जर 2 अँपिअर ढकलतोय आणि बॅलन्सर जिरवतोय 0.4, बाकीचा करंट भरलेल्या सेलमध्येच घुसतो. आग लागते ती अशी. जास्त चार्ज, जास्त डिस्चार्ज आणि शॉर्टला तोडणारा बोर्ड वेगळा लागतो, त्याला पर्याय नाही.

मीटरची लाल पिन

नेहमीची चूक: करंट मोजून झाल्यावर लाल पिन 10 अँपिअरच्या भोकात तशीच ठेवायची आणि मग सेलचे व्होल्ट बघायला जायचं. हा सरळ शॉर्ट आहे. स्वस्त पिवळ्या मीटरवर त्या भोकाशेजारी "अनफ्यूज्ड" असं छापलेलंच असतं. करंट मोजून झाला की मीटर खाली ठेवण्याआधी मी पिन काढतो.

बाकीच्या थोडक्यात

टीएल431 ला व्होल्टेज ठरवणारे दोन रेझिस्टर, वर (प्लसकडे) 6.8 किलोओहम आणि खाली (मायनसकडे) 10 किलोओहम, लावले की 4.19 व्होल्ट मिळतात, पण रेझिस्टर 1 टक्क्याचेच घ्या. 5 टक्क्यांचे घेतले तर हाच आकडा 4.37 पर्यंत सरकू शकतो.

बॅलन्स वायर जोडताना आधी मायनस, मग एकेक पायरी वर. प्रत्येक वायरमध्ये 1 अँपिअरचा फ्यूज टाका.

2 व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेल जिवंत करू नका. आत तांबं विरघळून पुढे आतल्या आत शॉर्ट होतो. गोडसर वास येणारा सेल तर घराबाहेर, वाळूच्या बादलीत.

दुरुस्तीनंतर पॅक पहिल्यांदा जोडताना मी सिरीजमध्ये कारचा 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब लावतो. कुठे शॉर्ट राहिलाच असेल तर बल्ब पेटतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपासच अडतो. बल्ब विझलेला राहिला की पहिलं चार्जिंग समोर बसून करतो, दर पंधरा मिनिटांनी तिन्ही गटांचे व्होल्ट वहीत लिहीत. मग पॅक चार दिवस तसाच ठेवतो आणि पुन्हा मोजतो. त्या मुलाच्या पॅकमध्ये चौथ्या दिवशी तिन्ही गटांत 10 मिलिव्होल्टचा फरक होता. त्यानंतरच तो पंपात बसवू दिला.