पोटरी आणि नडगीचे स्नायू शिकताना या चुका टाळा

गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या भागात मोजून 13 स्नायू आहेत. कोपराखालच्या हातातल्या 20 स्नायूंच्या मानाने हे प्रकरण आटोपशीर वाटते आणि नेमके त्यामुळेच प्रथम वर्षाचे विद्यार्थी ते परीक्षेच्या तोंडावर ढकलतात. मग वहीत उगम, शेवट, नर्व्ह (मज्जातंतू) आणि कार्य अशा चार रकान्यांचा तक्ता तयार होतो. तक्ता तोंडपाठ असतो. पण डिसेक्शन टेबलापाशी उभे करून, चिमट्यात एक टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) धरून ‘हे कोणते?’ असे विचारले, की तोच विद्यार्थी छताकडे पाहू लागतो. पुढे लिहिलेल्या चुका मला वर्षानुवर्षे त्याच क्रमाने भेटत आल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकींचे मूळ एकच आहे: टेंडन दोन्ही टोकांपर्यंत शोधून न पाहता त्याचे नाव सांगण्याची घाई.

आतल्या घोट्यामागचा गोंधळ

आतल्या घोट्याच्या मागे, पुढून मागे जाताना टिबिआलिस पोस्टिरिअर, फ्लेक्सर डिजिटोरम लाँगस, पोस्टिरिअर टिबिअल धमनी, टिबिअल नर्व्ह आणि सर्वांत मागे फ्लेक्सर हॅल्युसिस लाँगस असा क्रम असतो. तो लक्षात ठेवण्यासाठी ‘टॉम, डिक अँड नर्व्हस हॅरी’ (आद्याक्षरांवरून टिबिआलिस, डिजिटोरम, आर्टरी म्हणजे धमनी, नर्व्ह, हॅल्युसिस) हे सूत्र कित्येक पिढ्यांपासून चालत आले आहे. सूत्राशी माझे भांडण नाही. मोजायला कोणत्या बाजूने सुरुवात करायची, हे मात्र ते सांगत नाही.

एका बॅचला सोलिअस, म्हणजे पोटरीतला आतला रुंद स्नायू, बाजूला करायचा होता. तो टिबियापासून (नडगीच्या हाडापासून) धारेने सोडवून, बाहेरच्या बाजूला उलटवून खालचे पाहायला तासभर लागतो. तेवढा धीर नसल्याने त्यांनी पोटरीच्या मध्यावरच आडवा छेद दिला. छेद खोल गेला आणि टिबिअल नर्व्ह व पोस्टिरिअर टिबिअल धमनी दोन्ही तुटल्या. तुटलेली टोके चरबीबरोबर साफ करून बादलीत गेली. आता घोट्यामागे फक्त तीन टेंडन्स उरली आणि मधली खूण नाहीशी झाली. मुलांनी टाचेच्या बाजूने सूत्र म्हणायला सुरुवात केली आणि हॅरीच्या जागी टॉम, टॉमच्या जागी हॅरी अशा चिठ्ठ्या दोऱ्याने बांधून टाकल्या. डिक मध्येच असल्यामुळे तेवढा बरोबर आला.

गोष्ट येथेच संपली असती तर लिहायचे कारण नव्हते. चरबीचा कण न ठेवता साफ केल्यामुळे तो पाय दालनात सर्वांत देखणा दिसत होता आणि शेजारच्या टेबलांवरची मुलेही त्याच चिठ्ठ्या वाचून वह्या भरू लागली. स्पॉटिंगच्या, म्हणजे पिन लावलेला भाग ओळखण्याच्या परीक्षेच्या दिवशी चिठ्ठ्या काढून सर्वांत मागच्या टेंडनवर पिन लावली, तेव्हा उत्तरपत्रिकांतून ‘टिबिआलिस पोस्टिरिअर’ची रांगच लागली. विचारल्यावर खुलासा मिळाला, ‘सर, तिथे तसं लिहिलं होतं.’ दुसऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये, हे तेव्हापासून मी पहिल्याच तासाला सांगतो. ऐकतात थोडेच.

त्या पायावरही खरे उत्तर समोर दिसत होते. फ्लेक्सर हॅल्युसिस लाँगसचा मांसल भाग जवळजवळ टाचेपर्यंत खाली उतरतो. घोट्याच्या पातळीलाही त्याच्या टेंडनला लाल तंतू चिकटलेले असतात. टिबिआलिस पोस्टिरिअरचे टेंडन मात्र घोट्याच्या हाडाला अगदी खेटून, त्याच्या खोबणीतून जाते. या दोन खुणा बोटाने चाचपल्या असत्या, तर सूत्राची गरजच पडली नसती.

याच जागी दुसरी, जास्त खोलवर रुजलेली चूक होते. अंगठा आतल्या बाजूला, म्हणून त्याचा स्नायूही पायाच्या आतल्या बाजूला असणार, असे विद्यार्थी गृहीत धरतात. प्रत्यक्षात फ्लेक्सर हॅल्युसिस लाँगस बाहेरच्या हाडावरून, म्हणजे फिब्युलावरून निघतो आणि उरलेल्या चार बोटांना जाणारा फ्लेक्सर डिजिटोरम लाँगस आतल्या टिबियावरून निघतो. तळपायात दोघांची टेंडन्स एकमेकांना ओलांडतात. त्याआधी, घोट्याच्या थोडे वर, फ्लेक्सर डिजिटोरम लाँगस टिबिआलिस पोस्टिरिअरच्या पाठीवरून पलीकडे जातो. म्हणून वर दोन्ही फ्लेक्सरांच्या मध्ये खोल दडलेला टिबिआलिस पोस्टिरिअर घोट्यापाशी सर्वांत पुढे येतो. टेंडन्स ओलांडण्याच्या या दोन जागा एकदा स्वतः मोकळ्या करून पाहिल्या, की सूत्रातला क्रम तसाच का आहे ते कळते.

टेंडन ओढून कोणते बोट वाकते ते पाहण्याची युक्ती मुलांना फार आवडते. ती मी तेथे वापरू देत नाही. फॉर्मॅलिनने ताठ झालेली बोटे हलतातच असे नाही. शिवाय तळपायात फ्लेक्सर हॅल्युसिस लाँगसकडून शेजारच्या टेंडनला एक पट्टा जातो, त्यामुळे अंगठ्याबरोबर दुसरे किंवा तिसरे बोटही हलू शकते. खालच्या टोकापासून वर, हाडावरच्या उगमापर्यंत बोट फिरवत जाणे हाच माझा रिवाज आहे. वेळ लागतो, लागू द्यावा.

तिन्ही पेरोनिअस एका गठ्ठ्यात बांधणे

पाऊल बाहेर वळवणारे पेरोनिअस लाँगस, ब्रेव्हिस आणि टर्शिअस ही नावे एकापाठोपाठ पाठ केली जातात आणि मग तिघांचेही काम व नर्व्ह एकच लिहिली जाते. लाँगस आणि ब्रेव्हिस बाहेरच्या घोट्याच्या मागून जातात, म्हणून ते पाऊल बाहेर वळवतातच, शिवाय खालीही दाबतात. त्यांची नर्व्ह सुपरफिशिअल पेरोनिअल. टर्शिअस घोट्याच्या पुढून जातो, म्हणून तो पाऊल बाहेर वळवताना वर उचलतो. त्याचा कप्पा (स्नायूंचा गट) पुढचा आणि नर्व्ह डीप पेरोनिअल. टेंडन घोट्याच्या पुढून जाते की मागून, एवढे स्वतःच्या पायावर बोट ठेवून ठरवता आले, तर कार्याचा रकाना पाठ करावाच लागत नाही. लाँगसचे टेंडन मात्र पाचव्या मेटाटार्सलपाशी (करंगळीमागच्या पावलाच्या लांब हाडापाशी) थांबवू नका. तेथे ब्रेव्हिस संपतो. लाँगस क्यूबॉइड या पावलाच्या हाडाखालून संपूर्ण तळपाय ओलांडून पहिल्या मेटाटार्सलच्या बुडाशी आणि त्यामागच्या मिडिअल क्युनिफॉर्म या हाडावर पोहोचतो. नडगीच्या पुढचा टिबिआलिस अँटिरिअरही पलीकडच्या बाजूने नेमका याच दोन हाडांवर येतो.

काही चुकांना इतकी जागा देण्याची गरज नाही. प्लॅन्टॅरिस या पोटरीतल्या छोट्या स्नायूचे लांब, बारीक टेंडन नर्व्ह समजून जपून ठेवणारा एक तरी गट दर वर्षी निघतो. सुरल नर्व्ह गॅस्ट्रॉक्नेमिअसच्या (पोटरीच्या वरच्या थरातल्या स्नायूच्या) पाठीवर असते आणि टिबिअल नर्व्ह सोलिअसच्या खाली, मग त्या दोन स्नायूंच्या मधोमध सापडलेला चकचकीत दोरा कोणाचा हे ओळखणे अवघड नसावे. तो सापडला नाही तर आधीच्या बॅचने कापला असे लगेच जाहीर करू नका, कारण काही लोकांत प्लॅन्टॅरिस नसतोच. डीप फॅशिया (स्नायूंवरचे घट्ट आवरण) सोलताना पायाच्या खालच्या तिसऱ्या भागात ब्लेड बाजूला ठेवा. सुपरफिशिअल पेरोनिअल नर्व्ह तेथेच फॅशिया भेदून त्वचेकडे येते. टिबियाच्या आतल्या पृष्ठभागावर टिबिआलिस अँटिरिअर दाखवू नका, तेथे हाड थेट त्वचेखाली असते. नडगी ठेचकाळल्यावर इतकी का कळवळते, ते त्या पृष्ठभागावरून हात फिरवला की समजते.

पाऊल खाली जाते, म्हणजे अकिलीस टेंडन शाबूत?

ही चूक फिजिओथेरपीचे इंटर्न आणि घाईतले निवासी डॉक्टर दोघेही करतात. खेळताना मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले, असे सांगणारा रुग्ण येतो. पाऊल खाली दाबायला सांगितले की तो दाबतो, आणि कागदावर ‘लचक’ असे लिहिले जाते. अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा दोर, तुटून गॅस्ट्रॉक्नेमिअस आणि सोलिअस निकामी झाले तरी टिबिआलिस पोस्टिरिअर, बोटांचे दोन्ही लांब फ्लेक्सर आणि दोन पेरोनिअस पाऊल थोडेफार खाली ओढू शकतात, हे तक्ता पाठ केलेल्या माणसाला ठाऊक असते. फक्त त्या क्षणी आठवत नाही. रुग्णाला पालथे झोपवून, पावले पलंगाच्या कडेबाहेर ठेवून पोटरी दाबावी. टेंडन पूर्ण तुटले असेल तर पाऊल हलत नाही. या तपासणीला अर्धे मिनिटही लागत नाही, त्यामुळे वेळ नव्हता ही सबब मी मानत नाही.

व्यायामशाळेत पोटरी ताणणाऱ्यांची चूक याच दोन स्नायूंबाबत आहे. गॅस्ट्रॉक्नेमिअस गुडघा ओलांडतो, सोलिअस ओलांडत नाही. गुडघा सरळ ठेवून ताणले तर ताण प्रामुख्याने पहिल्यावर येतो. सोलिअससाठी गुडघा वाकवावा लागतो. दुखणारी पोटरी तपासतानाही गुडघ्याची स्थिती बदलून घोटा किती वर येतो ते दोनदा पाहावे.

फूट ड्रॉपमध्येही, म्हणजे पाऊल लोंबू लागते तेव्हाही, अशीच घाई दिसते. पाऊल वर उचलता येत नाही, म्हणजे फिब्युलाच्या मानेपाशी कॉमन पेरोनिअल नर्व्ह दबली, असे निदान करून मुले मोकळी होतात. कमरेतले पाचवे लंबर मूळ (मणक्यातून निघणारे नर्व्हचे मूळ) दबले तरीही पाऊल तसेच लोंबते. म्हणून पाऊल आत वळवण्याची ताकद तपासावी. ते काम टिबिआलिस पोस्टिरिअर करतो, त्याची नर्व्ह टिबिअल आहे आणि ती फिब्युलाच्या मानेच्या वाटेला जात नाही. त्यामुळे ती ताकद शाबूत असेल तर दोष बहुधा गुडघ्यापाशी असतो आणि तीही कमी झाली असेल तर कमरेकडे पाहावे लागते.