इंग्रजी शब्दांतला अपॉस्ट्रॉफी आणि हायफन: कुठे द्यायचा, कुठे नाही

इंग्रजी स्पेलिंग आता संगणक तपासून देतो. अपॉस्ट्रॉफी आणि हायफनच्या बाबतीत मात्र त्याच्यावर पूर्ण विसंबता येत नाही. खूण दिली काय, गाळली काय, अनेकदा दोन्ही शब्द शब्दकोशात सापडतात. बदलतो तो अर्थ. म्हणून हे नियम स्वतःलाच माहीत हवेत. खाली इंग्रजी उदाहरणं देवनागरीत आहेत: शेवटचं एस अक्षर "स" असं दाखवलंय आणि खूण मूळ इंग्रजीत जिथे असते तिथेच ठेवलीय.

अपॉस्ट्रॉफी सोळाव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो गळलेलं अक्षर दाखवायला. "डू नॉट"चं "डोन्ट" होताना "नॉट"मधला ओ गळतो, म्हणून खूण एन आणि टी यांच्या मध्ये बसते. डी-ओ नंतर खूण देणं ही नेहमी दिसणारी चूक आहे. दोन शब्द जिथे जुळले तिथे खूण द्यायची नसते. अक्षर जिथून गेलं तिथे द्यायची असते. मालकी दाखवणारा अपॉस्ट्रॉफीही मुळात याच घराण्यातला: जुन्या इंग्रजीत षष्ठीचा एक प्रत्यय "ईएस" असा होता, त्यातला ई पुढे गळला.

"इट’स" आणि "इटस" यांचा गोंधळ सोडवायला एकच चाचणी पुरते. त्या जागी "इट इज" किंवा "इट हॅज" घालून वाक्य वाचा. अर्थ लागला तर खूण द्या, नाही तर देऊ नका. "त्याचं" या अर्थाच्या "इटस"ला खूण नाही, कारण हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स यांपैकी कोणत्याच सर्वनामाला ती नसते. "हू’स" म्हणजे हू इज किंवा हू हॅज. "कोणाचा" या अर्थाचा "हूज" वेगळ्या स्पेलिंगचा आणि बिनखुणेचा.

मालकी दाखवताना खूण एसच्या आधी की नंतर, इथे बहुतेक जण अडतात. मराठी माणसाकडे याचं उत्तर आधीपासून आहे: अनुस्वार. आधी ते मराठीत म्हणा. "शिक्षकाचा" म्हटलं तर मालक एक, म्हणून "टीचर’स". "शिक्षकांचा" म्हटलं तर मालक अनेक, म्हणून "टीचरस’". मग मालकाचा शब्द पूर्ण लिहा, त्याच्यापाठोपाठ खूण द्या, आणि तो शब्द एस लागून झालेलं अनेकवचन नसेल तरच पुढे एस जोडा. ५ सप्टेंबरचा दिवस सगळ्या शिक्षकांचा, म्हणून "टीचरस’ डे". १४ नोव्हेंबरचा मुलांचा. पण "चिल्ड्रन" हे एसविना झालेलं अनेकवचन आहे, म्हणून पूर्ण शब्द, खूण, मग एस: "चिल्ड्रन’स डे". फलकांवर दिसणारं "चिल्ड्रनस’" चूक आहे, कारण "चिल्ड्रनस" असा शब्दच नाही. "विमेन’स डे"चंही तसंच. "मदर’स डे" मात्र एकवचनी. अमेरिकेत तो दिवस रुजवणाऱ्या ॲना जार्व्हिस यांना प्रत्येक घरानं आपापल्या आईचा मान करावा असं अभिप्रेत होतं, आणि १९१४च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनंतर तेच रूप रूढ झालं.

हीच युक्ती नोकरीच्या कागदपत्रांत सर्वांत उपयोगी पडते. दोन आठवड्यांची नोटीस: "टू वीकस’ नोटिस". एका महिन्याची नोटीस: "वन मंथ’स नोटिस". दहा वर्षांचा अनुभव: "टेन यीअरस’ एक्सपीरियन्स". मध्ये "ऑफ" घातला की खूण निघून जाते: "टेन यीअरस ऑफ एक्सपीरियन्स". पदवीही तशीच: "मास्टर’स डिग्री"ला खूण हवी, "मास्टर ऑफ आर्ट्स"ला नको.

दास, श्रीनिवास, जेम्स अशा एसनं संपणाऱ्या नावांबाबत शैली-पुस्तिकांत, म्हणजे लेखनाचे नियम ठरवून देणाऱ्या पुस्तकांत, मतभेद आहेत. पुस्तक-प्रकाशनात वापरली जाणारी शिकागो पुस्तिका "दास’स" लिहायला सांगते, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची पुस्तिका नुसतं "दास’". दोन्ही ग्राह्य आहेत, पण एका मजकुरात दोन्ही नकोत. उच्चारात जादा "स" ऐकू येतो, म्हणून पहिली पद्धत अधिक सयुक्तिक वाटते.

साध्या अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी लागत नाही. आमदार अनेक असले तरी "एमएलएस", फायली अनेक असल्या तरी "पीडीएफस", दशक असलं तरी "१९९०स". अपवाद सुट्या छोट्या अक्षरांचा: "पी’स अँड क्यू’स". छोट्या ए किंवा आय अक्षराला नुसता एस जोडला तर "ॲज" आणि "इज" हे वेगळेच शब्द तयार होतात, म्हणून तिथे खूण गरजेची.

विशेषनामांना व्याकरण लावू नका, अधिकृत रूप पाहा. लंडनच्या भुयारी रेल्वेत "अर्ल’स कोर्ट" खुणेसह आणि शेजारचं "बॅरन्स कोर्ट" खुणेविना आहे. वॉटरस्टोन्स या पुस्तकविक्रेत्यांनी २०१२ साली आपल्या नावातली खूण काढून टाकली.

आता हायफन, म्हणजे आपलं संयोगचिन्ह. करारपत्रात तो गाळला तर अर्थ पार उलटू शकतो: "री-साइन" म्हणजे पुन्हा सही करणं, तीच अक्षरं हायफनविना म्हणजे राजीनामा देणं. "री-कव्हर" म्हणजे खुर्चीला नवं कापड चढवणं, "रिकव्हर" म्हणजे बरं होणं किंवा वसूल करणं.

दोन शब्द मिळून पुढच्या नामाचं एक विशेषण होत असेल तर त्यांना हायफननं बांधा. "ट्वेंटी-फोर-अवर शिफ्ट्स" म्हणजे २४ तासांच्या पाळ्या. "ट्वेंटी फोर-अवर शिफ्ट्स" म्हणजे ४ तासांच्या २० पाळ्या. "टेन-यीअर-ओल्ड कार" लिहिताना "यीअर" एकवचनीच राहतं. नामानंतर आलेल्या विशेषणाला बहुधा हायफन लागत नाही: "वेल-नोन रायटर", पण "द रायटर इज वेल नोन". "हायली क्वालिफाइड"सारख्या, एलवायनं संपणाऱ्या क्रियाविशेषणांना हायफन नको. ते पुढच्या शब्दालाच लागू आहेत हे त्यांच्या रूपावरूनच कळतं. घरांच्या जाहिरातींत "टू- अँड थ्री-बेडरूम फ्लॅट्स" असं लिहावं: पहिला हायफन पुढच्या "बेडरूम"ची वाट पाहतो, त्याच्यानंतर मोकळी जागा सोडायची.

जोडशब्द रुळले की हायफन गळत जातो. शॉर्टर ऑक्सफर्ड शब्दकोशानं २००७च्या आवृत्तीत सुमारे १६,००० हायफन काढले. म्हणून अशा शब्दासाठी जुनं पाठ्यपुस्तक न पाहता चालू शब्दकोश पाहा. आकडे, तारखा यांच्या पल्ल्यासाठी (१०–१२) हायफनहून लांब एन डॅश असतो.

टंकताना एक चूक वर्ड स्वतःच करतो. शब्दाच्या सुरुवातीला अपॉस्ट्रॉफी आला, उदाहरणार्थ "’९०स", की तो अवतरणाची सुरुवात समजून खूण उलटी वळवतो. उपाय सोपा: कंट्रोल धरून अपॉस्ट्रॉफीची कळ दाबा, सोडा, मग तीच कळ पुन्हा दाबा. विंडोजमध्ये ऑल्ट धरून अंकपट्टीवर ०१४६ दाबलं तरी तीच खूण येते. ०१५० दाबलं की एन डॅश. "रेझ्युमे"तल्या ईवरची तिरकी रेघ हवी असेल तर वर्डमध्ये कंट्रोल आणि अपॉस्ट्रॉफी, मग ई. ओळीच्या शेवटी फोन नंबर हायफनपाशी तुटू नये म्हणून कंट्रोल, शिफ्ट आणि हायफन एकत्र दाबा.

डिसोझा, डिमेलो, डिकोस्टा अशी आडनावं डीनंतर खूण देऊन लिहिणाऱ्या गोव्या-वसईकडच्या कुटुंबांनी एक काळजी घ्यावी. पासपोर्टच्या तळाच्या, यंत्रानं वाचायच्या ओळींत आंतरराष्ट्रीय नियमानुसार अपॉस्ट्रॉफी गाळून अक्षरं जोडली जातात, तर हायफनच्या जागी कोनासारखी भरणखूण (<) येते. अनेक ऑनलाइन अर्जही अपॉस्ट्रॉफीची खूण नाकारतात, कारण डेटाबेसच्या भाषेत तीच सरळ खूण मजकुराचा शेवट दाखवते. अशा ठिकाणी डी आणि पुढची अक्षरं सलग लिहा. खुणेच्या जागी मोकळी जागा सोडलीत, तर डी वेगळं नाव म्हणून नोंदलं जातं आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही.