दुकानातलं मॉडेल रेल्वेचं छोटं इंजिन घेण्याआधी चालवून कसं बघावं

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये हॉबी शॉपमध्ये गेलात, तर बऱ्याचदा काउंटरवर मीटर-दीड मीटरचा सरळ रूळ ठोकलेला दिसतो. दुकानदार इंजिन त्यावर ठेवतो, नॉब फिरवतो, इंजिन सुसाट या टोकाहून त्या टोकाला जातं, दिवा लागतो, आणि खोकं तुमच्यापुढे सरकतं. एवढ्यावरून कळतं ते इतकंच, की मोटर जळलेली नाही. इंजिन पुण्या-ठाण्याला न्यायचं असेल तर ते परत करायला कुणी पुन्हा विमानाचं तिकीट काढत नाही. म्हणून दहा-पंधरा मिनिटं मागून घ्या. चांगला दुकानदार देतो. नाही म्हणाला, तर इंजिन न तपासलेलं आहे असं धरून भाव करा.

खालचं सगळं एचओ मापाबद्दल आहे: प्रमाण १:८७, दोन रुळांतलं अंतर १६.५ मिमी. कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयातल्या गाड्या याच मापाच्या. एन मापाच्या, म्हणजे ९ मिमी रुळाच्या इंजिनालाही पद्धत हीच, फक्त करंटचे आकडे कमी धरायचे.

खिशात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, क्रोकोडाइल क्लिप लावलेल्या दोन वायरी, साधा मल्टिमीटर, टॉर्च आणि एक जुनं व्हिजिटिंग कार्ड असू द्या. दुकानात टेस्ट ट्रॅक नसला, तरी बॅटरी आणि वायरींवर अर्धी तपासणी होते.

वीज लावण्याआधी

इंजिन फोममध्ये उलटं धरा आणि चाकांवर टॉर्च मारा. चाकांच्या कडेवरचा चंदेरी मुलामा झिजून पिवळं पितळ दिसत असेल, तर इंजिन भरपूर पळालेलं आहे, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. काही चाकांवर पकडीसाठी रबराची पातळ कडी असते. ती कडक होऊन तडकली असेल तर बदलावी लागेल. ती स्वस्त असते, पण तुमच्या मॉडेलसाठी मिळते का, ते तिथेच विचारून घ्या. समोरासमोरच्या चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये साधारण १४.४ मिमी अंतर हवं. कमी असलं तर इंजिन सरळ रुळावर छान पळतं आणि सांध्यावर, म्हणजे एका रुळाला दुसरा फाटा फुटतो तिथे, आलं की उतरतं. दुकानातल्या सरळ रुळावर हा दोष कधीच दिसत नाही.

आता एक चाक बोटाने हलकेच फिरवून बघा. बहुतेक इंजिनांत मोटरची ताकद वर्म, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरमधून चाकाकडे जाते, आणि चाक फिरवून वर्म फिरत नाही. म्हणजे चाक फिरायला नकोच. जोर लावू नका, गिअरचे दात तुटतील. ते चाक गरागरा फिरलं, तर एक्सलवरचं प्लास्टिकचं गिअर तडकून सैल झालेलं असण्याची शक्यता मोठी. अर्थात स्वस्त डिझेल मॉडेलांत एकाच बोगीला मोटर जोडलेली असते (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा). दुसरी बोगी मोकळी फिरणारच. तेव्हा आधी कुठली चाकं मोटरवर आहेत ते विचारा.

हळू चालवा, अजून हळू चालवा

खरी परीक्षा इथे आहे. वेगात धावताना मोटरच्या दांड्यावरचं जडशीळ चाक, म्हणजे फ्लायव्हील, सगळे दोष झाकून टाकतं. नॉब शून्यावरून तसूतसूने वाढवा आणि इंजिन जेमतेम सरकायला लागलं की हात थांबवा. १ मीटर रूळ कापायला त्याला सुमारे १ मिनिट लागलं, तर खऱ्या गाडीच्या हिशेबात तो वेग ताशी ५ किलोमीटरच्या आसपास येतो. आजचं बऱ्यापैकी इंजिन एवढं हळू चालायला हवं, आणि पुढे-मागे दोन्हीकडे.

या वेगात झटके मोजा. ४० इंची चाक १:८७ मध्ये सुमारे ११.७ मिमी व्यासाचं होतं, म्हणजे एका फेऱ्यात साधारण ३.७ सेंमी जातं. दर पावणेचार सेंटिमीटरला नेमाने ‘टक्’ होत असेल, तर दोष एक्सलमध्ये आहे: तडकलेलं गिअर, नाहीतर दातात अडकलेला कचरा. तडकलेल्या गिअरमध्ये फटीच्या जागी दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि दर फेऱ्याला तिथेच ठेच लागते. दर दोन-तीन मिलिमीटरला बारीक थरथर असेल, तर मोटर किंवा वर्मकडे बघा. कसलाही नेम नसताना मध्येच थांबत असेल, तर बहुधा धूळ आहे. रूळ आणि चाकं पुसायला सांगा आणि पुन्हा चालवा. अस्वच्छ रुळावर चांगलं इंजिन नापास करू नका.

वाफेच्या इंजिनात दर फेऱ्याला लंगडल्यासारखं होत असेल, तर डाव्या-उजव्या चाकांमधला पाव फेऱ्याचा फरक बिघडलेला असतो किंवा जोडदांडा वाकलेला असतो. घरी सरळ करू म्हणून असं इंजिन घेऊ नका. ते काम वाटतं त्याच्या दसपट किचकट आहे.

कार्ड आणि वळण

व्हिजिटिंग कार्डाची बोटभर पट्टी कापा आणि पुढच्या बोगीच्या एकाच बाजूच्या चाकांखाली, रुळावर ठेवा. तिथली वीज तुटली तरी बाकीच्या चाकांवर इंजिन चालत राहायला हवं. मग मागच्या बोगीला तसंच करा, नंतर दुसऱ्या रुळावर. कुठे बंद पडलं, तर राहिलेल्या चाकांपैकी कुणीतरी वीज घेत नाही. ज्या सांध्याच्या फ्रॉगमध्ये, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यात, वीज नसते, तिथे हेच इंजिन घरी रोज अडकेल.

वळणाचा रूळ असेल तर १८ इंच त्रिज्येवर एक फेरी मागा. सहा एक्सलच्या डिझेलला मात्र २२ इंच लागू शकतात. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात किमान त्रिज्या दिलेली असते, ती घरच्या रुळाशी ताडून बघा. वळण नसेल, तर इंजिन उलटं ठेवून बॅटरीच्या वायरी डाव्या आणि उजव्या चाकांना लावा आणि चाकं फिरत असताना बोगी दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. मध्येच थांबलं, तर आतली वायर तुटायला आलेली आहे.

बॅटरी हातात आहेच, तर दिशाही तपासा. उजव्या रुळाला धन टोक लावलं की दोन रुळांवरचं डीसी इंजिन, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या साध्या विजेवर चालणारं, पुढे जायला हवं. मागे गेलं, तर कुणीतरी ते उघडून उलटं जोडलंय. दोष किरकोळ, पण ‘कधी उघडलेलं नाही’ हा दावा तिथेच संपला.

करंट

मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून एका वायरीत सिरीजमध्ये जोडा. आजच्या एचओ इंजिनाने १२ व्होल्टवर मोकळं धावताना साधारण ०.१ ते ०.३ अँपिअर घ्यावेत. जुन्या उघड्या मोटरी अर्धा ते एक अँपिअरही खातात. दुकानदाराला विचारून इंजिन बोटाने अडवा, चाकं जागच्या जागी घसरू द्या, आकडा वाचून लगेच सोडा. तो १ अँपिअरच्या खूप खाली राहिला, तर पुढे डिकोडर, म्हणजे डिजिटल आदेश वाचून मोटर चालवणारी चकती, बसवायला हरकत नाही. काम झालं की मीटरची लाल वायर मूळ खाचेत परत लावा. नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला जाल आणि शॉर्ट कराल.

डीसीसी असेल तर

डीसीसी म्हणजे रुळातून डिजिटल आदेश पाठवायची पद्धत; प्रत्येक इंजिन आपल्या पत्त्यावर, म्हणजे क्रमांकावर, आलेलाच आदेश पाळतं. डिकोडर असलेल्या इंजिनाचा मूळ पत्ता ३ असतो. त्यावर हाललं नाही, तर आधीच्या मालकाने पत्ता बदललेला असेल. डिकोडर वाचायच्या वेगळ्या रुळावर, म्हणजे प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, वाचायला सांगा. तिथे काहीच वाचता आलं नाही, तर मात्र संशय घ्या. हेच इंजिन साध्या डीसीवर पाच-सहा व्होल्टपर्यंत ढिम्म बसून राहतं आणि आवाजवालं असेल तर आधी फक्त गुरगुरतं. हा दोष नाही. उलट, बिनडिकोडरचं इंजिन डीसीसी रुळावर ठेवू देऊ नका. ते गुणगुणत उभं राहतं आणि मोटर तापते.

जर्मनीत आणखी एक सापळा आहे. मेर्क्लिन कंपनीची एचओ इंजिनं दोन रुळांच्या मधल्या संपर्कबिंदूंवरून वीज घेतात आणि त्यांची डावी-उजवी चाकं एकमेकांपासून विलग नसतात. दोन रुळांच्या साध्या मांडणीवर ठेवलं की शॉर्ट. इंजिनाच्या पोटाखाली लांब धातूची पट्टी दिसली, तर ओळखा. त्यांची दोन रुळांची इंजिनं ट्रिक्स नावाने मिळतात.

जुना माल

पंधरा वर्षं खोक्यातच राहिलेलं इंजिन आधी कुरकुरत, जड चालतं, कारण ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. पाच मिनिटं पुढे, पाच मिनिटं मागे चालवा. आवाज मोकळा होत गेला, तर साफसफाईवर भागेल. पण जस्ताच्या मिश्रधातूचा सांगाडा टोकांना फुगलेला असेल, त्यावर केसाएवढ्या भेगा असतील, किंवा वरचं कवच नीट बसत नसेल, तर हात जोडून परत द्या. ओतताना धातूत शिसं मिसळलं गेलं की तो सांगाडा वर्षानुवर्षं आतून फुटत राहतो. त्याला उपाय नाही.

इंजिन पसंत पडल्यावर दुकानदार बहुधा सोबत पॉवर पॅक, म्हणजे रुळाला वीज देणारा नॉबवाला डबा, घ्यायचा आग्रह करेल. मागची पट्टी वाचा. अमेरिकेतला फक्त १२० व्होल्टचा असेल, तर तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातल्याक्षणी जळेल. तेवढे पैसे वाचवा आणि त्यात सुटी गिअरं घ्या.